वणवा, वारा आणि नोंदवही : नागझिऱ्याच्या निमित्ताने

मराठीत ‘दव’ म्हणजे पहाटे गवताच्या पात्यावर थरथरणारा थेंब. संस्कृतात ‘दव’ म्हणजे रानातली आग. उगमाने हे दोन्ही शब्द वेगळे; पण संस्कृत ‘वनदव’ प्राकृताच्या वाटेने ‘वणवा’ होऊन मराठीत आला आणि त्याच्या पोटातला ‘दव’ आपण विसरलो. आज ‘वणवा’ हा शब्द आपल्या लिहिण्याबोलण्यात येतो तो बहुधा उपमेयाच्या शोधात निघालेले उपमान म्हणून. द्वेषाचा वणवा असतो, क्रांतीचा असतो, अफवा वणव्यासारखी पसरते. वाङ्मयाच्या वर्गात हा शब्द आम्ही कितीदा तरी फळ्यावर लिहिला असेल, आणि दर वेळी त्यापुढे ‘रूपक’ असे लिहिले असेल.

८ एप्रिल २०२१ रोजी गोंदिया जिल्ह्यात नागझिऱ्याच्या जंगलात लागलेली आग विझवताना तीन हंगामी वनमजूर जागीच मरण पावले आणि दोघे गंभीर भाजले. आग संध्याकाळच्या सुमारास आटोक्यात आल्यासारखी वाटत होती. जोराचा वारा सुटला, डोंगरउताराच्या त्या भागात ती पुन्हा भडकली आणि माणसे मध्ये सापडली. कोविडच्या दुसऱ्या लाटेचे ते दिवस होते. मृत्यूच्या आकड्यांनी भरलेल्या वर्तमानपत्रांत ही बातमी आली आणि थोड्याच दिवसांत मागे पडली. आम्हीही ती वाचली आणि पुढच्या पानाकडे वळलो. प्रस्तुत लेख त्या पान उलटण्याविषयी आहे असे म्हटले तरी चालेल. या घटनेत आमच्या मनात राहिला तो ‘वारा’ हा शब्द. वणव्याच्या इतिहासात वाऱ्याची नोंद कुठे होते आणि कुठे होत नाही, हा प्रश्न आम्ही येथे मांडून पाहत आहोत.

आधी भूगोल. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. धानाची शेती, मालगुजारी तलाव आणि पानगळीचे रान ही या झाडीपट्टीची ओळख. साग, ऐन, बिजा, धावडा, मोह, तेंदू आणि बांबू यांचे हे जंगल फेब्रुवारीपासून पाने टाकू लागते. मार्चअखेर रानात पाऊल टाकले की घोट्यापर्यंत पाचोळा लागतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४२–४४ अंशांपर्यंत चढतो, दुपारच्या हवेतला ओलावा जवळपास नाहीसा होतो आणि एक ठिणगी पुरेशी होते. वनखाते १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम धरते, तो उगीच नव्हे. या काळात जाळरेषा काढल्या जातात, म्हणजे पट्टे आखून त्यांवरचे गवत आणि पाचोळा आधीच जाळून टाकला जातो, आणि गावांतील माणसे हंगामी अग्निरक्षक म्हणून नेमली जातात.

ठिणगी कुणाची, हा पहिला प्रश्न. अमेरिकेच्या पश्चिम भागात किंवा ऑस्ट्रेलियात या प्रश्नाचे एक उत्तर ‘आकाशाची’ असे असते. ऑगस्ट २०२० मध्ये कॅलिफोर्नियात दोन-तीन दिवसांत हजारो विजा कोसळल्या, पाऊस जवळजवळ पडलाच नाही, आणि त्यातून लागलेल्या आगींपैकी एका अग्निसमूहाने दहा लाख एकरांहून अधिक क्षेत्र व्यापले. अशा कोरड्या गडगडाटी वादळाची रीत अशी : ढगाचा तळ जमिनीपासून बराच उंच असतो, खालची हवा तापलेली व शुष्क असते, आणि ढगातून सुटलेला पाऊस जमिनीवर पोचण्यापूर्वीच वाटेत आटून जातो. वीज मात्र पोचते.

गोंदियात वीज पडून माणसे व गुरे मरतात, ही दर वर्षीची दुःखद बातमी आहे. पण येथील जंगलाला आग लागते ती जवळजवळ नेहमी माणसाच्या हातून. मोहफुले वेचण्याच्या दिवसांत झाडाखालचा पाचोळा जाळला जातो, कारण साफ जमिनीवर पिवळसर फूल चटकन दिसते. तेंदूच्या झुडपांना मे महिन्यात कोवळी पाने फुटावीत म्हणून रान पेटवले जाते. शेताचे धुरे जाळताना जाळ रानात शिरतो. विडीचे थोटूक तर कुठेही पडते. आणि ज्या पानाची विडी होते त्या पानासाठी रान जळावे, आणि त्याच विडीने पुन्हा जळावे, असा हा फेरा आहे. गोंदियाचे नाव देशभर पोचवण्यात विडीचा वाटा मोठा. १९६९ च्या कायद्याने महाराष्ट्रात तेंदूपानाचा व्यापार शासनाच्या नियंत्रणाखाली आला. पान तोडणाऱ्यांच्या घरी पावसाळ्यापूर्वी रोख पैसा येण्याची ही जवळजवळ एकमेव वाट होती. ठिणगीचा विचार करताना हा रोख पैसा विसरून चालणार नाही.

मग कोरड्या वादळांचा गोंदियाशी संबंध काय? आमच्या मते तो आहे, आणि महत्त्वाचा आहे. फक्त तो विजेच्या वाटेने येत नाही, वाऱ्याच्या वाटेने येतो. उन्हाळ्यात बंगालच्या उपसागराकडून येणारी दमट हवा आणि वायव्येकडून येणारी कोरडी, तापलेली हवा विदर्भ-छत्तीसगडच्या पट्ट्यात एकमेकींना भिडतात. दुपार कलताना ढग उभे राहतात. पाऊस वाटेत आटतो तेव्हा तो भोवतालची हवा थंड करतो. ती जड झालेली हवा खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. मेघ अजून दहा-वीस किलोमीटर दूर असताना हा झोत येऊन थडकू शकतो. हवामान खात्याच्या इशाऱ्यांत ताशी ४०–५० किंवा ५०–६० किलोमीटर वेगाचे वारे असे जे लिहिलेले असते ते बहुधा हेच. त्याची दिशा आधीच्या वाऱ्याशी जुळेलच असे नाही. सकाळपासून पूर्वेकडे सरकणारी शांत, गुडघाभर उंचीची आग अशा वेळी क्षणात उत्तरेकडे वळते, आणि जी तिची बाजू होती ती तिचे तोंड होते.

त्यात चढण असेल तर आग आणखी वेग घेते. साधारण दर दहा अंशांच्या चढाला तिचा वेग दुप्पट होतो असा आग विझवणाऱ्यांचा ठोकताळा आहे, कारण ज्वाळा वरच्या पाचोळ्याकडे कललेल्या असतात आणि त्याला आधीच तापवून ठेवतात. माणूस चढावर मंदावतो, आग तेथेच धावू लागते. तापलेल्या दुपारी डोंगरउतारावर वारा उठायला ढगाचीही गरज नसते. ढग असला तर धोका अनेक पटींनी वाढतो, एवढेच.

हे सारे आधुनिक हवामानशास्त्राने सांगितले खरे. परंतु आमच्या विषयाच्या विद्यार्थ्यांना याची चाहूल फार जुन्या ठिकाणी लागायला हवी होती. महाभारताच्या आदिपर्वातील खांडवदहन आपण शिकवतो ते कृष्णार्जुनांचा पराक्रम म्हणून, किंवा इरावती कर्व्यांच्या ‘युगान्त’नंतर नागरी वसाहतीसाठी झालेला अरण्यसंहार म्हणून. त्या कथेत एक बारीक तपशील आहे. इंद्र जळत्या वनावर पाऊस पाडतो, आणि त्या धारा अग्नीच्या उष्णतेने आकाशातच आटून जातात, वनापर्यंत पोचतच नाहीत. अर्जुनाच्या बाणांचे छत त्यानंतर येते. हे वर्णन करणाऱ्याने उन्हाळी आकाशात लोंबणारा पण जमिनीला न टेकणारा पाऊस डोळ्यांनी पाहिला असावा, असे आम्हांला वाटते. पौराणिक अतिशयोक्ती म्हणून आपण जे ओलांडून जातो त्यात कधी कधी निरीक्षण दडलेले असते.

दुसरा प्रसंग आश्रमवासिक पर्वातला. धृतराष्ट्र, गांधारी आणि कुंती वणव्यात जळून गेले हे सर्वांना ठाऊक असते. नारद युधिष्ठिराला ती वार्ता सांगतो तेव्हा वारा उठल्याचे सांगतो आणि मग वन पेटल्याचे सांगतो. पुढे आणखी एक खुलासा येतो : ती आग परकी नव्हती. याजकांनी धृतराष्ट्राचाच यज्ञाग्नी निर्जन वनात सोडून दिला होता. तोच वाढला आणि पसरला. माणसाने मागे ठेवलेला विस्तव आणि नंतर सुटलेला वारा, हे दोन घटक व्यासांच्या कथनात वेगवेगळे नोंदवलेले आहेत. कालिदासाच्या ‘ऋतुसंहारा’तील ग्रीष्मवर्णनातही दावाग्नी वाऱ्याच्या सोबतीनेच धावतो. अमरकोशाने तर मेघातल्या अग्नीला ‘इरंमद’ हा स्वतंत्र शब्द देऊन ठेवला आहे.

काव्याने जे दोन घटक वेगळे ठेवले, ते नोंदवहीने एक केले. त्याचा इतिहास मध्य प्रांतातच घडला हे ध्यानात घेण्याजोगे आहे. १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला. त्याच दशकात तेथील वनाधिकारी पिअरसन यांनी होशंगाबादकडील बोरीच्या जंगलात आगीपासून संरक्षणाचा प्रयोग केला, आणि हिंदुस्थानातील अशा पहिल्या यशस्वी प्रयोगांत त्याची गणना होऊ लागली. तोवर या देशातले पानगळीचे जंगल दर उन्हाळ्यात जळणारच असे अनेक गोऱ्या अधिकाऱ्यांचेही मत होते. बोरीने दाखवून दिले की मनात आणले तर रान न जळता ठेवता येते. यातून एक तंत्र जन्माला आले, आणि त्याबरोबर एक नैतिक भूमिकाही : रान जळले, म्हणजे कुणीतरी जाळले.

१८६५, १८७८ आणि १९२७ च्या वनकायद्यांतून ही भूमिका घट्ट होत गेली. १९२७ चा कायदा अजूनही लागू आहे. त्याच्या २६ व्या कलमाने राखीव वनात आग लावणे गुन्हा आहे. शिवाय आग मुद्दाम किंवा अक्षम्य हयगयीने लागली असेल तर त्या वनातील चराईचे व वनोपजाचे सारे हक्क सरकार काही काळ स्थगित करू शकते. म्हणजे एकाच्या हातून ठिणगी पडावी आणि साऱ्या गावाची गुरे उपाशी राहावीत, अशी तरतूद. ७९ व्या कलमानुसार, वनात हक्क असलेल्या किंवा तेथून लाकूड, चारा नेण्याची परवानगी असलेल्या माणसांवर आगीची खबर देण्याचे आणि ती विझवायला मदत करण्याचे बंधन आहे. कायद्याच्या भाषेत रानालगतचा माणूस दोनच भूमिकांत दिसतो : आग लावणारा संशयित आणि आग विझवायला बांधलेला मदतनीस. आगीत सापडून मरू शकणारा माणूस ही तिसरी भूमिका त्या कलमांत लिहिलेली नाही.

एका बाजूचेच चित्र रंगवायचे नाही. आगीने रानाचे नुकसान होते हे खरेच. कोवळी रोपे जळतात, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी जातात, उतारावरची माती पहिल्या पावसात वाहून जाते. पण आगीचा संपूर्ण बंदोबस्त हाही सरळ मार्ग नव्हता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रह्मदेशाच्या सागवनांत आणि आसामच्या सालवनांत वनाधिकाऱ्यांनाच असे आढळले की वर्षानुवर्षे आग रोखलेल्या ठिकाणी साग-सालाची नवी रोपे नीट उगवत नाहीत. काही ठिकाणी त्यांनी आपले धोरण मागे घेतले. शिवाय साठत गेलेला पाचोळा एका वाऱ्याच्या दिवशी सगळा हिशेब चुकता करतो. थोड्या थोड्या, वेळेवर लावलेल्या आगी आणि एकदम भडकलेला वणवा यांतला फरक जंगलात राहणाऱ्यांना ठाऊक होता. जाळरेषेचे तंत्र तरी दुसरे काय आहे?

आता आपल्या साहित्याकडे येऊ. गोंदियाचे रान मराठी वाचकाला अनोळखी नाही. नागझिरा अभयारण्य १९७० चे, नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ चे. २०१३ मध्ये दोन्ही मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. मारुती चितमपल्लींनी वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला काढलेली वर्षे त्यांच्या लेखनाचा मोठा ठेवा ठरली. २००६ च्या सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद आणि २०२५ ची पद्मश्री हा त्या लेखनाचाच गौरव, आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘नागझिरा’ लिहिले, किरण पुरंदरे यांनी ‘सखा नागझिरा’. महाराष्ट्रातील फार थोड्या जंगलांच्या वाट्याला असे तीन लेखक आले असतील. या लेखनाने आपल्याला पाणवठा, तळे, पक्ष्यांची नावे आणि रानाचे शब्द दिले. त्याचे ऋण मान्य करूनच आम्ही म्हणतो की झाडाची डहाळी किंवा पाठीवरचा ब्लोअर घेऊन आगीपुढे उभा राहणारा हंगामी मजूर मध्यभागी आहे, असे मराठी पुस्तक आमच्या वाचनात नाही.

असे पुस्तक होऊ शकते का? अमेरिकेत झाले आहे, आणि तेही एका वाङ्मयाच्या प्राध्यापकाने लिहिले. ५ ऑगस्ट १९४९ रोजी मोंटाना राज्यातील मॅन गल्च या घळीत विजेने लागलेल्या आगीत १३ अग्निशामक मेले. वारा फिरला, आगीने घळ ओलांडली, आणि गवताळ चढावर ती माणसांच्या मागे लागली. त्यांचा नायक वॅग डॉज याने पळता पळता थांबून समोरचे गवत स्वतःच पेटवले आणि त्याच्या राखेत तो पालथा पडला. आग त्याच्या भोवतून निघून गेली. इतरांना ते वेडेपण वाटले. शिकागो विद्यापीठात इंग्रजी शिकवणाऱ्या नॉर्मन मॅक्लीन यांनी निवृत्तीनंतर अनेक वर्षे त्या चढावर पुन्हा पुन्हा जाऊन, हवामानाचे आणि आगीच्या वेगाचे गणित समजून घेऊन ‘यंग मेन अँड फायर’ लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. शोकात्मिकेचा अभ्यास आयुष्यभर केलेल्या माणसाने तेरा तरुणांच्या अखेरच्या मिनिटांना आकार द्यायचा प्रयत्न केला, आणि त्यासाठी प्रथम वारा समजून घेतला.

मॅन गल्चनंतर तेथील प्रशिक्षण बदलले, तरी वाऱ्याने माणसे नेणे थांबले नाही. ३० जून २०१३ रोजी ॲरिझोनात यार्नेल येथे १९ अग्निशामक मेले, आणि तेथे कारण थेट गडगडाटी मेघातून सुटलेला झोत हेच होते. आग दोन दिवसांपूर्वी विजेने लागलेली. मेघ जवळ आले, वाऱ्याने दिशा बदलली, आगीची बाजू तिचे तोंड झाली. त्या माणसांजवळ संपर्क यंत्रणा होती, आगरोधक तंबू होते आणि वर्षानुवर्षांचे प्रशिक्षण होते. नागझिऱ्याच्या हंगामी मजुराशी ही तुलना करताना लेखणी अडखळते.

आपल्याकडे साधने नाहीत असे नाही. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांवरील संवेदकांच्या साहाय्याने आगीच्या जागा शोधून वनखात्याला कळवते. त्यांपैकी एका संवेदकाचा ठिपका सुमारे एक किलोमीटरचा, तर दुसऱ्याचा ३७५ मीटरचा असतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने विजेची पूर्वसूचना देणारे ‘दामिनी’ ॲप काढले आहे. नागपूरला प्रादेशिक हवामान केंद्र आहे. आग कुठे लागली हे उपग्रह सांगतो, मेघ कुठे उठला हे रडार सांगते. पण आग विझवत असलेल्या टोळीला पुढच्या अर्ध्या तासात वारा कुणीकडून येणार हे सांगणे, आणि ते ऐकून माघार घेण्याचा अधिकार तिच्या म्होरक्याला असणे, या दोन गोष्टी यंत्रापेक्षा व्यवस्थेच्या आहेत. जो रोजंदारीवर आहे तो ‘आता मागे फिरू’ असे कुणाला म्हणणार?

ठिणगीच्या बाजूनेही काही घडते आहे. वनहक्क कायद्यानंतर विदर्भातील काही ग्रामसभांच्या हाती जंगलाचा कारभार आला. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावने सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तेंदूपानाची तोड बंद केली, कारण तिच्यासोबत फांद्यांची छाटणी आणि आग येते. त्यांनी बांबूवर भर दिला. मिलिंद बोकील यांच्या ‘कहाणी पाचगावची’मुळे हे गाव मराठी वाचकाला माहीत आहे. रोख उत्पन्न सोडण्याचा असा निर्णय कायद्याच्या २६ व्या कलमाने कधी घडवता आला नव्हता. जे रान गावाचे झाले, त्याची ठिणगी गावाने विझवली.

या लेखाचा एक भाग आम्ही वर्गात वाचून दाखवला तेव्हा मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी म्हणाली, “मॅडम, आमच्याकडे बाबा जंगलात आगीवर गेले की आई आधी झाडाचा शेंडा बघते.” तिचे वडील दर उन्हाळ्यात आगीच्या हंगामापुरते कामावर असतात. शेंडा हलू लागला की आई चूल सोडून दारात येऊन उभी राहते, इतकेच ती म्हणाली. आम्ही त्या तासाला ‘ऋतुसंहार’ शिकवणार होतो. तिला खाली बसायला सांगितले नाही. तिनेच पुढे सांगावे असे म्हटले, आणि तास संपेपर्यंत तीच बोलत राहिली.

त्या तीन मजुरांच्या मृत्यूची शासकीय नोंद झालीच असणार : दिनांक, वनक्षेत्र, बाधित हेक्टर, कारण. कारणाच्या रकान्यात साधारणपणे ठिणगीचा विचार लिहिला जातो. वाऱ्याला रकाना नसतो. शेंड्याकडे पाहणाऱ्या बाईला तर नसतोच. तो रकाना आखणे हे वनखात्याचे आणि हवामान खात्याचे काम आहे, हे खरे. तोवर आपण, म्हणजे वाङ्मय शिकवणारे आणि शिकणारे, एवढे तरी करू शकतो : पुढच्या वेळी फळ्यावर ‘वणवा’ लिहिल्यावर ‘रूपक’ लिहिण्यापूर्वी थोडे थांबावे, आणि वर्गात कुणाच्या घरचे माणूस आगीवर जाते का, हे विचारावे.